चार रुपयांचा स्वस्त शेअर!

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, चहा आला की मग खऱ्या गप्पांना सुरुवात होते. परवाच्या बैठकीत गटातली सगळ्यात तरुण मैत्रीण माझ्या शेजारी सरकून बसली आणि मोबाइल पुढे करून हळूच म्हणाली, "ताई, हा शेअर बघा ना. चार रुपयांना एक! दहा हजारांत अडीच हजार शेअर येतात. ग्रुपवर सांगतायत, दिवाळीपर्यंत वीस रुपये होणार म्हणून. घेऊ का?"

मी विचारलं, "कंपनी काय करते गं?"

"ते काही माहीत नाही. पण स्वस्त आहे ना!"

"आणि दहा हजार कुठले?"

ती जरा घुटमळली. "भिशी लागलीये या महिन्यात. तशी मुलाची फी भरायचीये, पण ती जानेवारीत. तोवर होतील की दुप्पट!"

'तोवर होतील की दुप्पट' हे वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण अगदी हेच वाक्य २०२१ साली मी स्वतःशी म्हटलं होतं. त्याची किंमत किती पडली ते आजवर गटात कुणाला सांगितलं नव्हतं. घरातही खूप उशिरा सांगितलं. त्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आणि आज तुम्हालाही सांगतेय. लाज वाटते, पण लाजेपोटी गप्प बसण्यानेच तर हे असं पुनःपुन्हा घडतं.

पुराचं पाणी आणि अडकलेला पैसा

मी चिपळूणची. बाजारपेठेत आमच्या ह्यांचं वह्या-पुस्तकांचं छोटंसं दुकान. २०२१ च्या सुरुवातीला शाळा बंद, धंदा थंड, आणि शेअर बाजार मात्र जोरात. पुण्यातला भाचा फोनवर सारखा म्हणायचा, "मावशी, बँकेत ठेवून काय मिळतंय? माझ्या ग्रुपमध्ये ये." आले. लेकीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी थोडे थोडे करून बाजूला टाकलेले पंचावन्न हजार रुपये माझ्याकडे होते. फेब्रुवारीत त्यातून एका छोट्या कंपनीचे पाच हजार शेअर घेतले, अकरा रुपयांनी एक. ह्यांना सांगितलं नाही. म्हटलं, दुप्पट झाले की एकदम हातात ठेवीन!

आणि खरंच झाले की दुप्पट! मे महिन्यात भाव चोवीस रुपयांवर गेला. पंचावन्न हजारांचे एक लाख वीस हजार. भाकरी थापताना मध्येच हात पुसून मी मोबाइल बघायची. ग्रुपवर कुणी तरी लिहिलं, "पन्नासच्या आत विकू नका." नाही विकले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून भाव उतरायला लागला. रोज पाच टक्के, बरोब्बर पाच टक्के. मी विकायला गेले तर विकलेच जाईनात! सकाळी ऑर्डर टाकायची, संध्याकाळपर्यंत ती तशीच. याला 'लोअर सर्किट' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. एका दिवसात भाव किती खाली जाऊ शकतो याची बाजाराने मर्यादा घातलेली असते. भाव त्या मर्यादेला टेकला आणि घेणारा कुणीच नसला, की विकणाऱ्यांची नुसती रांग लागते. आपला नंबर येईल तेव्हा येईल. ग्रुपही एव्हाना गप्प झाला होता. आणि एक दिवस तो ग्रुपच नाहीसा झाला.

मग आली २२ जुलै. त्या दिवशीचा पूर चिपळूणकर विसरणार नाहीत. दुकानात छपरापर्यंत पाणी. वह्यांचा नुसता लगदा झाला होता. चिखल काढायला माणसं लावायची होती, फळ्या नव्याने ठोकायच्या होती, व्यापाऱ्यांची देणी होती. ह्यांनी विचारलं, "अगं, ते प्रवेशाचे पैसे आहेत ना? आत्ता वापरू, दिवाळीपर्यंत परत टाकू." मी काय सांगणार? कागदावर तेव्हा पाच हजार शेअरचे एकोणचाळीस-चाळीस हजार रुपये दिसत होते, पण हातात येणारा एकही रुपया नव्हता. शेवटी बांगड्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं. शेअर विकले गेले ऑक्टोबरात, तीन रुपये वीस पैशांनी. सोळा हजार आले.

मैत्रिणींनो, एकोणचाळीस हजार गेले याचं दुःख होतंच. पण पैसे 'आहेत' असं दिसत असताना ते गरजेच्या दिवशी हातात येत नाहीत, हे जे कळलं ना, ते जास्त झोंबलं. छोट्या कंपनीच्या शेअरचा खरा धोका तिथेच आहे. तो घेता येतो आपल्याला हवा तेव्हा, पण विकता येतो तो दुसऱ्या कुणाला हवा असेल तेव्हाच.

चार रुपये म्हणजे स्वस्त नव्हे

आधी तो 'स्वस्त' शब्द बाजूला ठेवू. आपण बायका भाजी घेताना वजन न विचारता भाव ठरवतो का? शेअरचंही तसंच. फणसाचा एक गरा दोन रुपयांना मिळतोय म्हणजे फणस स्वस्त, असं म्हणता येत नाही. आत गरे किती आहेत ते कळायला हवं. समजा, एका कंपनीचा शेअर चार रुपयांचा आहे आणि तिचे शंभर कोटी शेअर आहेत, तर अख्ख्या कंपनीची किंमत झाली चारशे कोटी. दुसरीचा शेअर दोन हजारांचा, पण शेअर आहेत फक्त दहा लाख, तर तिची किंमत दोनशे कोटी. आता महाग कुठली? कंपनी कमावते किती, तिच्यावर कर्ज किती, हे तर अजून बघायचंच आहे. अडीच हजार शेअर मिळाले की घबाड मिळाल्यासारखं वाटतं, आणि नेमकी ही भावनाच विकणारे वापरून घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे या कंपन्यांत रोजची उलाढाल अगदी थोडी असते. एखाद्या मोठ्या कंपनीचे शेअर रोज शेकडो कोटींचे इकडचे तिकडे होतात. त्यांचा भाव हलवायचा तर फार मोठी ताकद लागते. ज्या कंपनीत दिवसाला चार-पाच लाखांचीच देवघेव होते, तिथे दोन-चार कोटीवाला माणूस भाव हवा तसा नाचवू शकतो. आधी गुपचूप शेअर गोळा करायचे, मग आपल्यातच एकमेकांना विकून भाव चढवायचा, मग मेसेज सोडायचे, आणि भोळी माणसं धावत आली की त्यांच्या गळ्यात माल घालून निघून जायचं.

हे सेबीच्या आदेशांत नोंदलेलं आहे. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था. २०२२ साली साधना ब्रॉडकास्ट नावाच्या एका छोट्या कंपनीबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ आले. एक बडा उद्योगसमूह ही कंपनी विकत घेणार, वगैरे. सगळं खोटं. पण त्या काळात या कंपनीचे छोटे भागधारक दोन हजारांच्या आसपास होते ते पंचावन्न हजारांवर गेले! मार्च २०२३ मध्ये सेबीने आदेश काढून यातल्या अनेकांना बाजारात व्यवहार करायला बंदी केली. आदेश आला हे चांगलंच झालं, पण तोवर चढ्या भावाने घेऊन बसलेल्यांचं काय? त्यांच्यात माझ्यासारख्या किती जणी असतील!

छोट्या कंपन्यांसाठी मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी २०१२ साली वेगळा विभाग सुरू केला. हेतू चांगलाच होता. लहान उद्योजकाला कर्जाऐवजी भांडवल मिळावं. पण पुढे तिथेही झुंबड उडाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका कंपनीने शेअर विक्रीला काढले. दुचाकींची दोन शोरूम आणि आठ कर्मचारी, एवढा तिचा पसारा. हवे होते सुमारे बारा कोटी रुपये, आणि अर्ज आले ४,७०० कोटींहून जास्त रकमेचे! त्याच महिन्यात सेबीला लोकांना सावध करावं लागलं, की अशा काही कंपन्या बोनस, शेअरची विभागणी अशा घोषणा करून गुलाबी चित्र उभं करतात आणि भाव चढला की मालकच आपले शेअर विकतात. २०२५ साली या विभागातल्या अर्जाची किमान रक्कम दोन लाखांच्या वर नेली गेली. माझ्या मते ती मर्यादा म्हणजे दारावर लावलेली पाटीच आहे, 'थोडक्या पैशावाल्यांनी आत येताना विचार करा.' पण गंमत अशी, की पाटी बघून काही जणी आता दोघी-तिघी मिळून पैसे काढायला बघतात. असं करू नका गं! शेअर एकीच्याच नावावर राहणार, आणि वाद झाला तर मैत्रीही जायची. शिवाय तिथे घेताना आणि विकताना ठरावीक गठ्ठ्यानेच व्यवहार होतो. अडचणीला अर्धे विकू म्हणाल तर तेही जमतंच असं नाही.

मग वेळ कुठली बरोबर?

"ताई, पण छोट्याच कंपन्या मोठ्या होतात ना?" हा प्रश्न गटातही आला. होतात की! इन्फोसिस १९८१ साली पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली. १९९३ मध्ये तिने शेअर विक्रीला काढले तेव्हा लोकांनी पूर्ण घेतलेसुद्धा नव्हते. ज्यांनी घेऊन सांभाळले त्यांचं सोनं झालं. पण त्याच नव्वदच्या दशकात लोकांकडून पैसे गोळा करून पत्त्यासकट गायब झालेल्या कंपन्यांची सरकारने जी यादी केली, त्यात दोनशेहून अधिक नावं होती. इन्फोसिसची गोष्ट सगळे सांगतात. त्या दोनशेंची कोण सांगणार? हरलेला माणूस भाषण देत नाही.

आता वेळेचं बघू. मुंबई शेअर बाजाराचा छोट्या कंपन्यांचा एक निर्देशांक आहे. जानेवारी २००८ मध्ये तो चौदा हजारांच्या घरात होता. मार्च २००९ मध्ये तीन हजारांच्या आसपास आला. पुन्हा चौदा हजार दिसायला २०१७ उजाडलं! म्हणजे मुलगी पहिलीत असताना घातलेला पैसा ती दहावीत गेल्यावर जेमतेम मुद्दलाला आला. जानेवारी २०१८ मध्ये हा निर्देशांक वीस हजारांच्या वर होता, तो मार्च २०२० मध्ये नऊ हजारांच्या खाली. आणि तिथून २०२४ च्या अखेरीस सत्तावन्न हजारांवर! म्हणजे वाढतोही तसाच झपाट्याने. शिवाय निर्देशांकातल्या कंपन्या त्यातल्या त्यात धडधाकट असतात. चार रुपयांवाल्या तर बऱ्याचदा त्यातही नसतात.

हे आकडे बघून मला एकच उमगलं. पडलेल्या बाजारात घ्यावं आणि चढलेल्यात विकावं, हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात बाजार पडलेला असतो तेव्हा आपल्या गावात त्याचं कुणी नावही काढत नाही. गणपतीच्या आरतीला, मंगळागौरीला, रिक्षात शेअरच्या गप्पा ऐकू यायला लागतात तेव्हा बाजार बराच चढून गेलेला असतो. मोठ्या शहरातली बातमी आपल्या तालुक्याच्या गावात पोचते ती नेहमी शेवटची. आणि ज्याच्यापर्यंत शेवटची बातमी येते, त्याच्याच हातात शेवटी तो शेअर उरतो.

म्हणून बाजाराची वेळ ओळखण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मी आपल्या पैशाची वेळ बघते. आपल्या घरात दोन तऱ्हेचे पैसे असतात. एकाची तारीख ठरलेली असते, म्हणजे फी, लग्न, बाळंतपण, घराचा हप्ता, भिशीचा पुढचा भरणा. आणि आजारपण, पूर यांची तारीख ठाऊक नसली तरी ती येणार हे नक्की असतं. हा पैसा छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये कधीच घालायचा नाही. बाजार कितीही चढत असो, सांगणारा कितीही जवळचा असो. त्याची जागा बँकेत किंवा पोस्टात. दुसरा पैसा असतो तो ज्याची सात-दहा वर्षं आठवण आली नाही तरी चालेल, आणि बुडाला तरी चूल बंद पडणार नाही असा. असा पैसा आहे का, एवढंच आधी तपासा. बहुतेकींकडे तो फार थोडा असतो. नसला तर त्यात कमीपणा कसला?

एवढं मात्र करा

ज्यांच्याकडे असा थोडा पैसा आहे आणि शिकायची हौस आहे, त्यांना मी 'जाऊच नका' म्हणणार नाही. बायकांनी पोळपाट-लाटण्यापुरतं बघावं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण घेण्याआधी चार गोष्टी करा. कंपनी काय विकते हे दोन वाक्यांत सांगता येतंय का, बघा. शेअर बाजाराच्या वेबसाइटवर कंपनीचं पान असतं. तिथे रोज किती शेअरची देवघेव होते आणि हा शेअर खास देखरेखीखाली ठेवलाय का, ते दिसतं. मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का, तेही तिथेच कळतं. वाचायला अवघड वाटलं तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला शेजारी बसवा, तीही शिकेल.

सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि जो 'खात्रीने दुप्पट' म्हणतो त्याच्याकडे नंबर असो वा नसो, उठून यायचं, कारण नोंदणी असलेल्याला अशी हमी द्यायची परवानगीच नाही. फसवणूक झाली असं वाटलं तर १८०० २२ ७५७५ या सेबीच्या मोफत नंबरवर विचारता येतं.

तिसरं, विकायचं कधी ते घेतानाच वहीत लिहून ठेवा. भाव वाढला की मुद्दल काढून घ्यायचं. मी मे महिन्यात अर्धे शेअर विकले असते तर माझं सगळं मुद्दल सुटून वर पाच हजार उरले असते आणि बांगड्या हातातच राहिल्या असत्या.

चौथं, छोट्या कंपन्यांतच पैसा घालायचा असेल तर म्युच्युअल फंडातून, दरमहा थोडा थोडा घालणं त्यातल्या त्यात बरं. पन्नास-शंभर कंपन्यांत तो वाटला जातो. पण तेही जोखमीचंच. मार्च २०२४ पासून या फंडांना एक हिशेब जाहीर करावा लागतो, की वेळ आली तर त्यांचे निम्मे शेअर विकायला किती दिवस लागतील. पहिल्याच वेळी काही मोठ्या योजनांनी वीस-पंचवीस दिवसांहून जास्तीचे आकडे दिले. जिथे फंडवाल्यांना एवढे दिवस लागतात, तिथे मोबाइलवर ऑर्डर टाकून बसलेल्या आपल्यासारखीचं काय?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लपवू नका. भिशीला दहा साक्षीदार असतात, बचत गटाला वही असते, पण मोबाइलवर एका बोटाने केलेल्या व्यवहाराला कुणीच नसतं. मी का लपवलं, याचा मी खूप विचार केलाय. घरात राबायचं, काटकसर करायची, पण 'ही माझी कमाई' असं म्हणायला हातात काही नाही, याची कुठे तरी सल होती. ती चुकीची नव्हती. तिच्यावर मी शोधलेला इलाज चुकीचा होता. मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो हे खरं. पण मी ओरडल्यावर तू थांबली असतीस, हेही खरं." मला दोन्ही पटलं. पुरुषांनीही हे ऐकावं. ओरडण्याच्या भीतीपोटी घरात कितीतरी हिशेब लपून राहतात, आणि स्वतःचे बुडालेले शेअर तेही कुठे बायकोला सांगतात?

आमच्या गटाने परवा एक ठराव वहीत लिहिला. कुणालाही शेअर घ्यायचा झाला, तर आधी बैठकीत त्या कंपनीचं नाव, तिचा धंदा आणि पैसा कशासाठी ठेवलेला आहे, हे तिघींसमोर सांगायचं. परवानगी मागायची नाही, नुसतं मोठ्याने सांगायचं. बरेचदा आपलंच वाक्य आपल्या कानाने ऐकलं की त्यातला पोकळपणा कळतो.

त्या मैत्रिणीने भिशीचे दहा हजार दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकले. जाताना मला म्हणाली, "ताई, आणि तो शेअर खरंच वीस रुपये झाला तर?"

म्हटलं, "झाला तर होऊ दे गं. जानेवारीत फी भरताना तुझ्या हातात पैसे असतील, एवढं मला पुरे."